पलंगापासून अंगणापर्यंत

रुग्णालयातून घरी सोडताना जो कागद हातात मिळतो, त्यावर शस्त्रक्रियेचा तपशील अर्धे पान असतो आणि उरलेल्या अर्ध्या पानावर गोळ्यांची यादी. तळाशी एक ओळ असते: ‘वॉकरच्या आधाराने चालणे, फिजिओथेरपी चालू ठेवणे.’ खुब्याचे हाड मोडलेल्या सत्तरी-ऐंशीतल्या माणसाचे पुढचे सहा महिने या एका ओळीवर अवलंबून असतात. ती अमलात आणायची असते घरच्यांनी, आणि बहुतेकांवर ही वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आलेली असते.

घरी पोचल्यावर काय होते ते ओळखीचे आहे. आजींना पलंगावर निजवतात. पाण्याचा तांब्या, औषधांचा डबा, मोबाइल, जपमाळ सगळे हाताशी मांडतात. भेटायला आलेली शेजारीण, गावाहून आलेला भाऊ, फोनवरची मुलगी, सगळे एकच सांगतात, “आता महिना-दोन महिने अजिबात उठू नका, सगळं जागेवर मिळेल.” यात माया आहे, काळजी आहे. तरी खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर वृद्ध माणसाचे सर्वात जास्त नुकसान याच सल्ल्याने होते.

अमेरिकेत 2007 साली एक छोटा प्रयोग झाला. साठी ओलांडलेल्या, कसलाही आजार नसलेल्या डझनभर स्त्री-पुरुषांना 10 दिवस अंथरुणावर ठेवले. तेवढ्या दिवसांत त्यांच्या पायांचे मांस सरासरी जवळजवळ एक किलोने घटले आणि पायांतली ताकदही लक्षणीय कमी झाली. ही धडधाकट माणसे होती. मग जिचे हाड मोडले आहे, रक्त गेले आहे आणि जेवण निम्म्यावर आले आहे, अशा ऐंशीच्या बाईचे महिनाभरात काय होत असेल? पडून राहिल्याने पायांतल्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, माकडहाडावर आणि टाचांवर जखमा होतात. खुब्याचे हाड मोडल्यावर वर्षभरात पाचांतला एक वृद्ध, काही ठिकाणी त्याहून जास्त, दगावतो असे जगभरच्या नोंदी सांगतात. मृत्यूचे कारण मोडलेले हाड क्वचितच असते. अनेकांना नेते ते त्यानंतरचे अंथरूण.

मोडलेले असते तरी नेमके काय? घरोघरी ‘कंबरेचं हाड मोडलं’ असे म्हणतात, पण मोडते ते मांडीच्या हाडाचे वरचे टोक, जिथे ते खुब्याच्या खोबणीत बसते. हाडाची मान मोडली असेल तर वयस्कर रुग्णात बहुधा हाडाच्या टोकाचा गोळा काढून कृत्रिम गोळा किंवा पूर्ण सांधा बसवतात. थोडे खाली मोडले असेल तर आत सळई घालून किंवा प्लेट-स्क्रूने हाड जोडतात. आपल्या माणसाचे यांतले काय झाले आहे हे घरच्यांना नक्की माहीत हवे, कारण पुढची पथ्ये त्यावर ठरतात. सांधा बदलला असेल तर तो निसटू नये म्हणून सुरुवातीचे काही आठवडे पायावर पाय टाकायचा नाही, मांडी घालायची नाही, खाली बसायचे नाही, कंबरेत काटकोनापेक्षा जास्त वाकायचे नाही, कुशीवर झोपताना दोन्ही पायांच्या मध्ये उशी ठेवायची. सळई किंवा प्लेट असेल तर ही बंधने सहसा इतकी कडक नसतात. तिथे प्रश्न असतो पायावर वजन किती टाकायचे याचा. आजकालच्या बहुतेक शस्त्रक्रियांनंतर लगेच वजन टाकू देतात, पण आपल्या रुग्णापुरते उत्तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडूनच घ्यावे आणि ते कागदावर लिहून घ्यावे.

उभे कधी करायचे? वैद्यकीय कारण आडवे येत नसेल तर शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी. ब्रिटनची राष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रे हेच सांगतात आणि आपल्याकडच्या चांगल्या रुग्णालयांतही हीच पद्धत आहे. तेलंगणाचे माजी मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव डिसेंबर 2023 मध्ये आपल्या फार्महाऊसवर पडले आणि त्यांचा डावा खुबा मोडला. सांधा बदलल्याच्या दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून ते पावले टाकत होते. 1 फेब्रुवारी 2024 रोजी काठीच्या आधाराने विधानसभेत जाऊन त्यांनी आमदारकीची शपथ घेतली. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या माजी अध्यक्ष नॅन्सी पेलोसी 84व्या वर्षी, डिसेंबर 2024 मध्ये, परदेश दौऱ्यात जिन्यावर पडल्या. सांधा बदलला आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्या सभागृहात मतदानाला हजर होत्या. ब्रिटनच्या राजमाता एलिझाबेथ यांचा डावा खुबा 1998 साली मोडला तेव्हा त्या 97 वर्षांच्या होत्या. त्यानंतर त्या चार वर्षे जगल्या, आणि काठ्या घेऊन हिंडल्या. या माणसांच्या दिमतीला मोठा फौजफाटा होता हे खरे. पण दुसऱ्या दिवशी पाय जमिनीला टेकवणे ही गोष्ट पैशांनी विकत घ्यावी लागत नाही. ती तीन खोल्यांच्या घरातही जमते.

त्यासाठी घराची तयारी मात्र रुग्ण रुग्णालयात असतानाच करावी लागते. एकाने तिथे थांबावे आणि दुसऱ्याने घरी येऊन पलंगापासून संडासापर्यंतची वाट वॉकर हातात घेऊन स्वतः चालून पाहावी. मग कळते की वॉकर बाथरूमच्या दारातून आत जात नाही, उंबरठ्याला अडतो, फ्रीज आणि डायनिंग टेबलाच्या मध्ये अडकतो. पायपुसणी, सतरंज्या, गालिचे उचलून ठेवावेत. पलंग इतका उंच हवा की कडेला बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील आणि गुडघे खुब्यापेक्षा वर येणार नाहीत. जमिनीवरची गादी पूर्ण वर्ज्य. बसायला हात असलेली भक्कम लाकडी खुर्ची घ्यावी. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची उठताना मागे सरकते. तीच वापरावी लागली तर भिंतीला टेकवून ठेवावी.

सगळ्यात कठीण जागा म्हणजे न्हाणीघर आणि संडास. भारतीय बैठकीच्या संडासावर बसणे कित्येक आठवडे, सांधा बदललेल्यांना बहुधा कायमचे, शक्य नसते. कमोड खुर्ची मिळते. तिच्या पायांना रबरी टोप्या आहेत ना, आणि चाके असतील तर ब्रेक लागतो ना, हे बघून घ्यावी. इंग्लिश कमोड बुटका असेल तर त्यावर उंची वाढवणारी बैठक बसवता येते. अंघोळ रुंद पायांच्या उंच स्टुलावर बसून करावी. भिंतीत ड्रिलने घट्ट बसवलेली आधाराची दांडी हवी. टॉवेलची दांडी तोल गेलेल्या माणसाचे वजन पेलत नाही, ती उखडून माणसाबरोबर खाली येते. दांडी कमोडशेजारी एक आणि नळापाशी एक, कुठल्या उंचीवर लावायची ते रुग्णाच्या कोपराच्या उंचीवरून ठरवावे.

जुन्या चाळींत आणि तीन-चार मजल्यांच्या इमारतींत लिफ्ट नसते. रुग्णवाहिकेतून उतरल्यावर चौघे खुर्चीत बसवून वर नेतात आणि त्यानंतर ते माणूस वर्षभर खाली उतरत नाही, असे कितीतरी घरांत घडते. खरे तर जिना हे ध्येय म्हणून पुढे ठेवण्यासारखे आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीत दोन पायऱ्या, मग चार असे वाढवत नेता येते. नियम असा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात काठी.

पहिल्या पंधरवड्यात खरी लढाई पलंगावरून उठण्याची असते. एकदम उभे करू नये. आधी कडेला बसवावे, पाय खाली सोडून मिनिट-दोन मिनिटे बसू द्यावे. अनेकांचा रक्तदाब उठताना खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. मग दोन्ही हात पलंगावर दाबून उठायचे. वॉकर धरून स्वतःला ओढायचे नाही, त्याने वॉकर अंगावर कलंडतो. मदत करणाऱ्याने दुखऱ्या बाजूला, किंचित मागे उभे राहावे. काखेत हात घालून उचलणे हा आपल्याकडचा सरसकट प्रकार आहे. त्याने म्हाताऱ्या माणसाचा खांदा दुखावतो आणि उचलणाऱ्याची कंबर धरते. त्याऐवजी रुग्णाच्या कंबरेला रुंद, जाड सुती पट्टा बांधावा आणि तो धरावा.

चालण्याचा क्रम साधा आहे. आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला पाय. हात बाजूला सैल सोडल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत वॉकरची मूठ यायला हवी. दुकानातून आणलेला वॉकर तसाच वापरला जातो, पायांची बटणे दाबून उंची कमी-जास्त होते हे अनेकांना माहीतच नसते. पुढे वॉकर सुटून काठी आली की ती दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरायची. हे उफराटे वाटते, पण चालताना दुखऱ्या खुब्यावरचा भार त्यानेच हलका होतो. पायात मागे पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल हवी. साडी नेसणाऱ्या बाईला सुरुवातीला घोट्याच्या वर राहील असा गाऊन सोयीचा, कारण निऱ्या वॉकरच्या पायात अडकतात.

दुखेल का? दुखेल. म्हणून वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यावी का, हे डॉक्टरांना विचारावे. दुखणे दाबलेले असले की पाऊल पडते. औषधांच्या दुकानातून मनाने आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मात्र वृद्धांच्या मूत्रपिंडाला आणि पोटाला घातक ठरू शकतात. काही वेदनाशामकांनी मलावरोधही होतो. मग कुंथण्याच्या भीतीने माणूस जेवण कमी करते आणि अशक्तपणा वाढतो. आणखी एक: पाय सुजला म्हणून पोटरीला तेल लावून जोरात चोळायचे नाही. आत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

घरी फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोन-तीनदा येतो आणि अर्धा-पाऊण तास थांबतो. उरलेल्या वेळेत काय होते त्यावर निकाल ठरतो. बॉस्टन परिसरात झालेला एक अभ्यास 2014 साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. नेहमीची फिजिओथेरपी संपलेल्या 232 वृद्धांपैकी काहींना घरीच करायचे व्यायाम शिकवले. त्यासाठी फिजिओथेरपिस्ट मुख्यतः तीन वेळा घरी गेले, महिन्याला फोन केला आणि व्यायाम दाखवणारी डीव्हीडी दिली. सहा महिन्यांनी या गटाची हालचाल दुसऱ्या गटापेक्षा सुधारलेली होती. सुधारणा मध्यम होती, चमत्कार नव्हता. पण व्यायाम कोणते होते ते पाहण्यासारखे आहे: खुर्चीतून उठणे-बसणे, पायरीवर चढणे-उतरणे, रबरी पट्टा ताणणे. ‘पुन्हा पडेन’ ही भीती कशी आवरायची हेही त्यांना शिकवले होते. यातले काहीही कोल्हापूर, चंद्रपूर किंवा पणजीच्या घरात न जमण्यासारखे नाही.

झोपून करायचे व्यायाम पहिल्याच दिवसापासून. दोन्ही घोटे वर-खाली हलवायचे, जागे असेपर्यंत दर तासाला दहा-वीस वेळा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायची. टाच गादीवरून सरकवत गुडघा वाकवायचा. रुग्णालयातून तीन चेंडूंचा श्वासाचा खेळ मिळाला असेल तर तो कपाटात न टाकता उशाशी ठेवावा. चेंडू वर ओढताना फुप्फुसे पूर्ण उघडतात. उभे राहता आले की स्वयंपाकाचा ओटा ही उत्तम व्यायामशाळा. ओटा धरून टाचा उचलायच्या, पाय बाजूला न्यायचा, दोन-चार पावले आडवे चालायचे, मागे खुर्ची ठेवूनच. पण एकच व्यायाम करायची ताकद असेल तर खुर्चीतून उठायचे आणि बसायचे. दहा वेळा, दिवसातून तीनदा. सुरुवातीला हात टेकून, पुढे हात कमी करत. संडासला जाणे, बसमध्ये चढणे, पलंगावरून उठणे, सगळ्याचे मूळ या एका हालचालीत आहे.

याहून परिणामकारक असतो रोजच्या कामांत लपलेला व्यायाम. आजींच्या हाताशी मांडलेला तांब्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावा. वर्तमानपत्र अंथरुणात नेऊन न देता दाराशी ठेवावे. देव्हारा जमिनीलगत असेल तर टेबलाच्या उंचीवर आणावा आणि पूजा उभ्याने करू द्यावी. फुले वाहायला, निरांजन लावायला लागणारी ती पाच मिनिटे कुठल्याही फिजिओथेरपिस्टला हवीशीच वाटतील. आजोबांना चहा बाहेरच्या खोलीत, इतरांबरोबर. जेवण टेबलावर, पलंगावर नव्हे. ध्येय मीटरमध्ये सांगू नये, त्यांच्या आयुष्यातले सांगावे. पहिल्या आठवड्यात खिडकीपर्यंत, तिसऱ्यात दारापर्यंत, मग अंगणातल्या तुळशीपर्यंत किंवा सोसायटीच्या बाकापर्यंत. भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज किती फेऱ्या झाल्या ते लिहावे. मुलगा किंवा मुलगी पुण्यात, दुबईत, न्यू जर्सीत असेल तर त्यांनी व्हिडिओ कॉल नेमका व्यायामाच्या वेळी करावा. नातवासमोर आजी दोन फेऱ्या जास्त मारते.

ब्यूरोतून ठेवलेल्या मावशींशी पहिल्याच दिवशी बोलावे. रुग्णाला जागेवर सगळे देणे म्हणजे चांगली सेवा, असा त्यांचा समज असतो आणि तो त्यांना इतर घरांनीच करून दिलेला असतो. इथे काम निराळे आहे, उठवायचे आहे, हे स्पष्ट सांगून फिजिओथेरपिस्टकडून त्यांनाही शिकवून घ्यावे. सगळा भार एकट्या सुनेवर किंवा स्वतःच पंचाहत्तरीच्या असलेल्या नवऱ्यावर टाकू नये. सकाळ, दुपार, रात्र अशा पाळ्या वाटून घ्याव्यात.

आहारात मात्र माया करावी तेवढी थोडी. पेज आणि वरणभाताच्या पाण्यावर मांस भरत नाही. या वयात आणि या अवस्थेत दर किलो वजनामागे रोज एक ग्रॅमहून अधिक प्रथिने हवीत. म्हणजे 50 किलोच्या बाईला 50 ते 60 ग्रॅम, मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून. मोड आलेल्या मुगाची उसळ, घट्ट वरण, पिठले, दही, पनीर, अंडी, मासे हे थोडे थोडे पण दिवसातून चार-पाच वेळा द्यावे. नाचणी आणि तिळात कॅल्शियम भरपूर असते. नाचणीचे सत्त्व दुधात शिजवावे. ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे सर्रास आढळते, ती तपासून भरून काढावी.

शस्त्रक्रियेनंतर काही वृद्ध रात्री अचानक भलतेच बोलू लागतात, माणसे ओळखत नाहीत, घरातच ‘घरी चला’ म्हणतात. घरचे घाबरतात, वेड लागले असे समजतात. हा भ्रम बहुधा तात्पुरता असतो. मागे जंतुसंसर्ग, लघवी अडणे, पाणी कमी पडणे, एखादे औषध किंवा दुखणे असू शकते. डॉक्टरांना कळवावेच. घरी चष्मा आणि श्रवणयंत्र लावून ठेवावे, दिवसा पडदे उघडावेत, समोर घड्याळ असावे, ओळखीचे माणूस जवळ असावे. झोपेच्या गोळ्या मनाने देऊ नयेत, त्यांनी भ्रमही वाढतो आणि पडण्याचा धोकाही. रात्री संडासाच्या वाटेवर दिवा चालू ठेवावा.

काही लक्षणे दिसली तर उद्याची वाट पाहायची नसते. पोटरी सुजून दुखणे, एकाएकी धाप लागणे किंवा छातीत दुखणे, ताप, जखमेतून पाणी किंवा पू येणे, अचानक पाय आखूड किंवा वळलेला दिसणे आणि त्यावर वजनच टाकता न येणे. दम लागला किंवा छातीत दुखले तर लगेच 108ला फोन करावा. रक्त पातळ ठेवणारे इंजेक्शन किंवा गोळी महिनाभर लिहून दिलेली असेल तर ‘आता चालतात ना’ म्हणून मध्येच बंद करू नये.

खर्चाचे म्हणाल तर वॉकर, कमोड खुर्ची, दवाखान्यातला पलंग विकत घ्यायलाच हवा असे नाही. अनेक गावांत आणि शहरांत ज्येष्ठ नागरिक संघ, मंडळे, देवस्थाने रुग्णोपयोगी साहित्य अनामत रकमेवर वापरायला देतात. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षे पूर्ण झालेल्या आणि वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना अशा साधनांसाठी एकदाच 3000 रुपये थेट खात्यात देण्याची तरतूद आहे. ज्येष्ठांसाठीच्या केंद्राच्या हेल्पलाइनचा क्रमांक 14567 आहे.

एक गोष्ट जवळजवळ सगळ्या घरांत राहून जाते. घरातल्या घरात पडून खुबा मोडला याचा अर्थ हाडे ठिसूळ झाली आहेत, आणि दुसरे हाड मोडण्याचा धोका आता वाढला आहे. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर 90 दिवसांच्या आत दोन हजारांहून अधिक रुग्णांपैकी निम्म्यांना झोलेड्रॉनिक ॲसिड हे वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे औषध दिले, निम्म्यांना दिले नाही. औषध मिळालेल्यांत नवी हाडे मोडण्याचे प्रमाण 35 टक्क्यांनी आणि मृत्यूंचे प्रमाण 28 टक्क्यांनी कमी आढळले. ते प्रत्येकाला चालते असे नाही. मूत्रपिंडाचे काम, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आधी तपासावे लागते. इतर औषधेही आहेत. पण टाके निघाले, एक्स-रे ठीक आला, की ठिसूळपणाचा विषय कुणी काढत नाही.

म्हणून सहा आठवड्यांच्या तपासणीला जाताना तीन प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि उत्तरे घेतल्याशिवाय खोलीबाहेर पडू नये. पायावर आता पूर्ण वजन टाकायचे का? हाडांच्या ठिसूळपणावर कोणते औषध आणि कधीपासून? रक्तदाबाच्या, झोपेच्या गोळ्यांपैकी चक्कर आणणारी कुठली कमी करता येईल? आणि तपासणीला रुग्णाला चाकाच्या खुर्चीतून न्यावे लागले तरी डॉक्टरांच्या दारापासून टेबलापर्यंतची पावले त्यांना स्वतः टाकू द्यावीत.